मीटिंगच्या वेळीच नेट जायचं

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण डोक्यातून अजून न गेलेलं प्रकरण कुठलं म्हणाल, तर एका घरातलं नेट. निवृत्तीच्या थोडं आधी मी बोईसरच्या बाजूला उपनिरीक्षक होतो, तेव्हाचं हे.

सकाळची हजेरी नुकतीच उरकली होती. तारापूरच्या अलीकडच्या एका मासेमारीच्या गावातल्या दोन जावा भांडतच ठाण्यात शिरल्या. मागोमाग थोरलीचा नवरा आणि म्हातारा सासरा. सासरा एके काळी बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोटीचा प्रमुख. तो गुपचूप बाकावर बसला.

धाकटी शिकलेली, घरातून कंपनीचं काम करणारी. नवरा बोटीवर गेलेला. तिची तक्रार ऐकून माझं डोकंच गरगरलं. दिवसभर नेट ठणठणीत चालतं, पण वरिष्ठांची मीटिंग सुरू झाली, की नेमकं तेव्हाच जातं! कंपनीनं शेवटची ताकीद दिली होती. उद्याच्या मीटिंगमधून गायब झाली, तर नोकरी गेली.

"साहेब, हे आपोआप होत नाही," ती म्हणाली. "वहिनीच करतात. माझा पगार त्यांच्या डोळ्यांत खुपतो."

थोरली मासे सुकवून बाजारात विकणारी, आवाज खणखणीत. "मी कशाला करू? ती पेटी काय करते तेपन मला ठावं नाय!"

मी अदखलपात्र नोंद करण्याचं बोललो, तसा थोरलीचा नवरा पुढे झाला. "करा नोंद, साहेब. हिचं नाव निघालं, तर मी हिला घरात घेनार नाय."

आता प्रकरण नेटचं राहिलं नव्हतं. मी पेन खाली ठेवला आणि म्हटलं, आधी तपास.

हवालदाराला गावात पाठवलं. त्यानं शेजारणीकडून खबर आणली, की थोरली रोज त्या पेटीपाशी वाकलेली दिसते. वा! संशयित सापडला, हेतूही सापडला. मी तिला पुन्हा बोलावून दरडावून विचारलं.

"वाकते ना," ती म्हणाली. "फडकं मारते. घरात धूळ तुमी येऊन पुसनार?"

हवालदार हसू दाबत खिडकीबाहेर बघू लागला.

शेवटी दुपारी साध्या कपड्यात त्यांच्या घरी गेलो. कुंभवलीत राहणारा नेटवाला सोबत घेतला. बाहेरच्या खोलीत टीव्हीखाली ती पेटी, म्हणजे राउटर. मागे वायर खोचायची भोकं. एक वायर टीव्हीला, दुसरी लांबलचक, धाकटीच्या लॅपटॉपला. बाकी घरभर मोबाइल, तेही बिनवायरीचे.

नेटवाल्यानं एकेक वस्तू बंद करून, एकेक चालू करून पाहिली. ओळख परेडच म्हणा ना! टीव्ही निर्दोष. मोबाइल निर्दोष. लॅपटॉप वायरवर चालतो, वायफायवरही चालतो.

"साहब, मैं तो पहले डिब्बा भी बदल चुका हूँ," तो कपाळाला हात लावून म्हणाला. "मैं आता हूँ तो सब चालू मिलता है।"

च्यायला, म्हणजे गुन्हेगार नेटवाल्याला बघून पळतो की काय? वायरीचा दोष म्हणावा, तर वायफाय का जातं? वायफायचा म्हणावा, तर एरवी कसं चालतं? साप साप म्हणून भुई धोपटण्यातला प्रकार चालला होता.

मग मी जुना मार्ग धरला. घटना जशी घडते, तशी पुन्हा घडवून बघायची. थोरलीला माझ्यासमोर बसवलं, हात मांडीवर ठेवायला सांगितले. धाकटीला म्हटलं, "मीटिंग आहे असं समज आणि रोज करतेस तेच कर."

तिनं लॅपटॉपची वायर उपटली, तिथंच टाकली आणि लॅपटॉप घेऊन वरच्या खोलीत गेली. खाली टीव्हीचा आवाज असतो, म्हणून मीटिंग ती नेहमी वर जाऊन वायफायवर करायची. जरा वेळानं वरून ओरडली, "गेलं! गेलं बघा!"

थोरलीचे हात मांडीवरच होते.

मी वळून पाहिलं. म्हातारा पेटीपाशी उकिडवा बसला होता. त्यानं जमिनीवरची वायर उचलून तिचं छान वेटोळं केलं होतं आणि सुटं टोक पेटीच्याच रिकाम्या भोकात खोचलं होतं. पेटीवरचे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते.

"अरे बाबा!" नेटवाला किंचाळला. "दोनों सिरे एक ही डिब्बे में डाल दिए!"

त्यानं मग समजावून सांगितलं. वायरीची दोन्ही टोकं त्याच पेटीत गेली, की पेटीचं बोलणं तिच्याकडेच परत येतं आणि गोल गोल फिरत राहतं. त्या कलकलाटात बाकी कुणाला जागाच उरत नाही.

"बाबा, रोज खोचता हे?" मी विचारलं.

"खोचतो ना. दोराचं टोक आमी सुटं ठेवत नाय. बोटीवर पायात गुंतलं, तं मानूस पान्यात जाते."

धाकटी जिन्यातच थबकली होती. "मला वाटायचं, वायर ठेवायची जागाच ती," ती पुटपुटली. खाली आली, की ती तेच टोक काढून लॅपटॉपला लावायची. पेटी सुधारायची. नेटवाला येईपर्यंत पुरावाच शिल्लक नसायचा.

म्हाताऱ्याला समजायला वेळ लागला. समजलं, तसा तो पेटीपासून मागे सरकला. "म्हंजे माज्या हातानं माज्या सुनंचं घर मोडत होतं?" फार वाईट वाटलं मला. इतक्या चौकशीत त्या माणसाला कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता.

धाकटी रडत थोरलीच्या पाया पडायला वाकली. थोरलीनं तिला वरच्यावर धरलं. "रडू नको. तू कालची आलेली, तुला संशय आला. आपन भांडू, परत बोलू." मग ती दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळली. "तुमी तं इतकी वर्सं माज्या हातचं जेवता. तुमालापन मीच वाटली?"

तो खाली बघत राहिला.

नोंद झाली नाही. दुसऱ्या दिवशी धाकटीची मीटिंग पार पडली, नोकरीही टिकली. तपास म्हणून पाहिलं तर प्रकरण निकाली. मी शिकलो ते एवढंच, की कुणाचं कुणाशी वाकडं आहे हे शोधण्याआधी घरात कोण रोज काय करतं ते बघावं. पण थोरलीचा प्रश्न तसाच राहिला. पेटी वायर काढल्यावर सुधारली, थोरलीच्या मनाचं तसं होणार नव्हतं.

उरलेल्या नोकरीत मी एक गोष्ट पाळली. ठाण्यात कुणी नवरा "हिचं नाव निघालं तर" असं बोलू लागला, की आधी त्याला बाहेर काढायचो आणि तिला खुर्ची द्यायचो.