अलकामावशींचे शॅलट

अलकामावशींनी बियाण्यासाठी राखलेले सगळे शॅलट मी फेब्रुवारीतच लावून टाकले. त्या लेकीच्या बाळंतपणाला स्टॅनमोरला गेल्या होत्या. जाताना बजावलं होतं, की भाजीसाठी कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या प्लॉटवरच्या पाण्याच्या टाकीवर सकाळी बर्फ धरायचा थांबला की मगच हे छोटे कांदे लाव. पण बर्मिंगहॅमला चार दिवस ऊन पडलं, वरच्या अंगाला मिस्टर ह्यूजच्या वाफ्यात हिरवे कोंब दिसले, आणि मी बार्शीचा, म्हणजे मला कांद्यातलं कळतं असा माझा समज.

मार्चमध्ये पुन्हा कडक दंव पडलं. थंडी उतारावरून येऊन आमच्याच खालच्या वाफ्यात मुक्काम ठोकते. गोठलेल्या जमिनीने कांदे वर ढकलून दिले, बहुतेक सडले.

मावशी माझ्या घरमालकीण. जन्मभर नर्सची नोकरी केलेली, लेकीच्या लग्नानंतर एकटीच राहणारी बाई. दर वर्षी अख्ख्या अलॉटमेंटला, म्हणजे शेजारच्या सगळ्या प्लॉटवाल्यांना, मूठमूठ बियाणं वाटायच्या. मागणं मात्र त्यांच्या जिवावर यायचं. साखर संपली तर बिनसाखरेचा चहा पिऊन ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणायच्या. मिस्टर ह्यूजची तर त्या टिंगल करत: हा माणूस कांदे नाताळच्या आधी उघड्यावर लावतो, स्वतः मात्र मेपर्यंत मफलर सोडत नाही.

आता स्टॅनमोरहून परतल्यावर त्याच मफलरपुढे त्यांना बियाणं मागायला जावं लागलं. मागे मी, हातात उगाचच फावडं. तुमच्या कांद्यांना काय झालं, असं ह्यूजनी विचारलं.

“मीच घाई केली,” मावशी म्हणाल्या.

“म्हणजे लवकर लावा हे माझं शेवटी ऐकलंत तर.”

एवढंच बोलून त्यांनी ट्रेभर शॅलट काढून दिले. सुगीला ट्रे भरून परत करा म्हणाले. मावशी हसल्या, पण कान लाल झाले होते. फावडं काखेत मारून मी ट्रे उचलला.

उतार उतरताना म्हणालो, “मावशी, मी सांगायला हवं होतं.”

“हो, हवं होतं,” त्या म्हणाल्या. “ट्रे नीट धर.”

पीक उशिरा आलं, बारीक आलं. पुढच्या वर्षाचं बियाणं बाजूला काढून मावशींनी अर्धा ट्रे ह्यूजना पोचवला. उरलेला अर्धा तू द्यायचा, म्हणाल्या, आणि देताना काय बोलायचं ते तूच ठरव.

तो अर्धा ट्रे द्यायचा राहूनच गेला, आणि नंतर नोकरीनं मला एजवेअरला आणलं. इथे खिडकीतल्या कुंडीत मूठभर शॅलट येतात. दर उन्हाळ्यात मी ते काढतो, निवडतो, आणि भाजीत घालतो.