कात्रीवाल्याचा सिनेमा आणि कात्रीवाल्याचा गेम

तो सिनेमा मी एकदाच पाहिला, तोही बराचसा बोटांच्या फटीतून. चौथीनंतर माझी शाळा सुटली त्या वर्षीची गोष्ट. मे महिन्याच्या दुपारी चाळीतल्या एका खोलीत भाड्याने व्हिडीओ आणला होता. खिडकीला गोधडी लावून अंधार केला होता आणि आम्ही वीस-पंचवीस मुलं एकमेकांना चिकटून बसलो होतो. सिनेमा परदेशातला होता, पण माणसं हिंदीत बोलत होती.

मुलींचं एक वसतिगृह. सुट्टी लागलेली, चारच मुली मागे राहिलेल्या. एक माणूस शिंप्याची मोठी कात्री घेऊन येतो. त्याच्या तोंडाला पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. तो कधी बोलत नाही. प्रत्येक दारावर तीन थापा मारतो आणि थांबतो.

शेवटी एक मुलगी सामानाच्या खोलीत लपते. बाहेरून तिची मैत्रीण रडत दार बडवते, तिला नावाने हाका मारते. आतली मुलगी तोंडावर हात दाबून बसते, दार उघडत नाही. मग बाहेरचा आवाज बंद होतो. सकाळी ती एकटी जिवंत बाहेर येते. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मैत्रिणीचं कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. मी घरी जाऊन आईला बिलगले आणि आठ दिवस एकटी नळावर गेले नाही.

कात्री मी पुढे विसरले. थापा मात्र मनात राहिल्या. आमच्या चाळीत दारावर थाप कुणी मारतच नसे. दारं दिवसभर उघडी असायची. लोटलेलं असलं तरी आपला माणूस लांबूनच हाक मारत यायचा. थाप मारणारा म्हणजे परका. पोलीस, नाहीतर कुणी गेल्याचं सांगायला आलेला माणूस.

आता चाळ पाडून नाहूरजवळ आम्हाला नवव्या मजल्यावर घर मिळालं आहे. इथे सगळी दारं बंद असतात. नवरा आणि मुलगी कामाला गेले की मी कडी लावून बसते. बेल वाजली तरी लगेच उघडत नाही. आधी दाराच्या भिंगातून बघते, मग विचारते, मग उघडते. समोरच्या घरातली मावशी तेवढी तशीच राहिली. आमच्या चाळीतलीच, मालवणकडची, सत्तरीची, माझ्या खांद्याएवढी ठेंगणी. मुलगा-सून कामावर गेले की तीही एकटीच. तिने बेलला कधी बोट लावलं नाही. स्वतःच्या दारातूनच ओरडायची, "आसस काय गो घरात? की तुका पण कुलपात घालून गेले?"

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ बसली. तिला जुन्या गेमचं वेड आहे.

"आई, तू सांगायचीस ना तो कात्रीवाला? त्याच्यावर तेव्हाच गेम निघालेला. हा बघ, सापडला."

मी म्हटलं, "नको गं बाई."

"अगं, ठिपके आहेत नुसते. ठिपक्यांना काय घाबरतेस?"

खरंच ठिपके होते. वसतिगृह म्हणजे वीटकरी चौकोन. मुलगी म्हणजे एक गुलाबी चौकोन आणि त्याखाली दोन पाय. कात्रीवाल्याचं तोंड पांढरे चार ठिपके. रक्त तर हळदीकुंकवाच्या करंड्यातून सांडल्यासारखं, चिमूटभर. हसू यायला हवं होतं. पण सिनेमात मी डोळे मिटले तरी तो आपला पुढे जात होता. इथे मी बटण दाबल्याशिवाय काही होतच नव्हतं. जे होईल ते माझ्या बोटाने होणार. त्याची मला जास्त भीती वाटली.

मी गुलाबी मुलीला सरळ सामानाच्या खोलीत नेलं आणि हात काढून घेतला.

"आई, बाहेर काढ ना तिला!"

"बसू दे. ती लपूनच वाचते."

"ते सिनेमात. इथे बाकीच्या तिघींना आत घ्यायचं असतं. एकटी वाचलीस तर गेम हरलीस."

तेवढ्यात गेममधलं दार वाजलं. टुक टुक टुक.

"उघड," मुलगी म्हणाली.

"कोण आहे?"

"काय माहीत. मैत्रीण असेल, नाहीतर तो."

"मग हाक का नाही मारत मैत्रीण?"

"जुनी मशीन होती गं, त्यात माणसाचा आवाज मावायचा नाही. सगळेच मुके."

हे मला पटलं नाही. सिनेमात निदान एक खूण होती. मुका असतो तो कात्रीवाला, हाक मारते ती मैत्रीण. गेममध्ये दोघांची थाप एकच. मी उघडलं नाही. तीनदा खेळलो, तीनदा मी एकटी वाचले आणि हरले. मुलगी हसून म्हणाली, "आई, तू म्हणजे ना, वाट लावलीस सगळ्यांची." मीही हसले. आपला माणूस असता तर बोलला असता, असं मी तिला ठासून सांगितलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, मंगळवारी सकाळी, अकराचा सुमार असेल. लाइट गेली होती. मी कुकर लावला होता. पहिली शिट्टी व्हायच्या आधी दारावर थाप पडली. एक, मग थांबून दुसरी. जड, तळहाताची थाप.

मी हाकेची वाट पाहिली. हाक आली नाही.

मी चप्पल काढून ठेवली, आवाज नको म्हणून, आणि भिंगाला डोळा लावला. बाहेर काळोख. कुणी दिसत नव्हतं, आणि त्याच वेळी अगदी दाराला लागून पुन्हा थाप पडली. मी मागे झाले. "कोण?" म्हणायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. विचारलं तर मी घरात आहे हे त्याला कळेल. बोलत नाही म्हणजे आपल्यातलं कुणी नाही, हे एकच डोक्यात फिरत होतं. पहिली शिट्टी झाली. मी देव्हाऱ्याजवळ जाऊन उभी राहिले. दाराखालच्या बाजूला काहीतरी घासत होतं. दुसरी शिट्टी झाली.

मग त्या घासण्यात बांगड्या वाजल्या. काचेच्या, चार-पाच, लाकडावरून खाली सरकत गेल्यासारख्या. बांगड्या ना सिनेमात वाजल्या होत्या, ना गेममध्ये.

मी दार उघडलं तर मावशी उंबऱ्यावर आत कलंडली. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा. ती डोळ्यांनी बोलत होती, तोंडातून नुसता घरघर आवाज. मी सगळा मजला जागा होईल एवढी किंचाळले. जिन्याने खुर्चीत बसवून तिला खाली नेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कधी झालं हे? नेमकं सांगा, वेळ महत्त्वाची आहे."

मी म्हटलं, "आत्ताच. दार उघडलं तर पडलेल्या."

मावशी वाचली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, बोलणं हळूहळू येईल. तेव्हापासून रोज दुपारी मी तिला पेज भरवायला जाते. तिची सून माझे हात धरून म्हणाली, "ताई, तुम्ही होतात म्हणून." मी वाटी विसळायला उठले. देवाजवळ मी तिची वाचा मागते आणि मागताना अंगावर काटा येतो. वाचा आली की ती काय सांगेल? सुरुवातीला "हूं" आलं, मग "पाणी" आलं, मग सुनेचं नाव आलं. प्रत्येक नव्या शब्दाला घरात पेढे वाटले. मी प्रत्येक पेढा हातात धरून घरी आणला आणि मुलीला दिला.

परवा मला ते सहन होईना. पेजेची वाटी खाली ठेवून मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी घरातच होते. थाप ऐकली होती. तू बोलली नाहीस म्हणून उघडलं नाही."

मग डावा हात उचलून तिने दाराकडे बोट केलं.

"दाराचो डोळो," ती थांबत थांबत म्हणाली. "काळो झालो. माका... दिसलां."

मी भिंगाला डोळा लावला तेव्हा आतला उजेड झाकला गेला होता. बाहेरच्या काळोखात तिने तेवढं बघितलं होतं. मी आत उभी आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

"किती येळ गो?" तिने विचारलं.

मी खरं सांगितलं. "दोन शिट्ट्या होईपर्यंत."

तिने मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "पेज... थंड झाली."

मी उठून पेज गरम करून आणली. रोज ती वाटी पुरी करते. परवा अर्धी खाल्ली आणि तोंड मिटलं. भूक नव्हती की माझ्या हातची नको होती, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. काल गेले तेव्हाही अर्धीच खाल्ली. आज दुपारी पुन्हा जायचं आहे.