भुईवर न सांडलेली धार

केवळाबाईची स्वच्छता म्हणजे कंधारकडच्या त्या गावात चेष्टेचाच विषय. बायका म्हणायच्या, "हिची किटली चाटली तरी चालंल." राखेनं घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन ती उन्हात पालथी घातल्याशिवाय बाईला चैन पडत नसे. सकाळच्या दुधात संध्याकाळचं कधी मिसळायची नाही. अशा बाईच्या किटलीतलं दूध नासावं, म्हणजे काय म्हणावं!

डेअरीवरच्या रामलिंगनं नमुना तापवला नि फुटलेलं दूध तिच्यापुढं धरलं. "घेता येत न्हाई, मावशी. एका किटलीपायी साऱ्या गावाचं दूध नासंल. पहिली धार काळ्या फडक्यावर पिळून बघा. गाठी दिसल्या तर म्हशीला दगडी झालीय, कासेचा रोग."

हे ऐकून सून उज्वला फडकं घेऊन गोठ्यात आली. केवळाबाईनं तिचा हात धरला.

"लक्ष्मी हाय ती, उज्वले. भुईला सांडायची न्हाई."

"चार थेंबानं काय व्हतंय, आत्याबाई?"

"माझ्या घरात न्हाई."

धार केवळाबाईच काढायची; मोरी म्हैस दुसऱ्या कुणाला पान्हाच सोडत नसे. त्यामुळं विषय संपला. पहिली धार थेट किटलीत, आणि फेसाखालच्या गाठी कुणाला दिसणार? दृष्ट लागली म्हणून केवळाबाईनं मोरीच्या गळ्यात बिब्बा बांधला. वैरण बदलली. नवी किटली आणली. सगळं केलं, तेवढं एक सोडून. हट्टाला औषध नसतं, दगडीला होतं.

मोरीनं वैरण खाणंच टाकलं तेव्हा कुठं डॉक्टर आला. कास दगडासारखी टणक झाली होती. सड पिळला तर पिवळं पाणी आणि रक्त आलं.

"सुरुवातीलाच कळवायचं होतं," तो म्हणाला. "म्हैस वाचंल, पण कास गेली."

मोरीच्या तोंडाकडं पाहायची केवळाबाईला लाज वाटत होती.

आटलेल्या म्हशीला कडबा पुरवायचं घरात बळ नव्हतं; सासू-सुनेनं मोरीला बाजारात नेली. बाजारात खोटं बोलायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. व्यापारी आला तशी म्हणाली, "दूध न्हाई देत आता. पर सोभावानं लई गरीब हाय."

व्यापाऱ्यानं कासेकडं पाहिलंच नाही. पुठ्ठ्यावर, फासळ्यांवर हात दाबून त्यानं मांस चाचपलं. केवळाबाईला कळायचं ते कळलं.

जनावर विकलं की दावं घरी न्यायची रीत. उज्वला गाठ सोडायला वाकली.

"ऱ्हाऊ दे," केवळाबाई म्हणाली. "तिथवर तरी तिला घरचंच दावं असू दे."