कुट्टी मशीनचं तोंड

जखमेकडे बघायच्या आधी ती माणसाच्या तोंडाकडे बघायची आणि विचारायची, "जेवना का, भाऊ?"

शिरपूरजवळच्या एका दवाखान्यात ती ड्रेसिंग करायची. सगळे तिला अक्का म्हणत. मी तिथे शेतीतल्या अपघातांची नोंद घ्यायला जायचो. देशभरातून अशा नोंदी गोळा होत होत्या. कुठल्या कामात, कुठल्या यंत्रावर माणसं जखमी होतात हे कळलं, तर पुढचे अपघात टळतील, म्हणून. माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं, हातात टॅब होता.

माणसं मला म्हणायची, "चूक मनीच व्हती, साहेब." मी 'निष्काळजीपणा'वर टिचकी मारायचो.

तीच माणसं अक्कापुढे घडाघडा बोलत. पट्टी गुंडाळता गुंडाळता ती विचारायची, "मशीन कोठे ठेयेल व्हतं? हात कितला मझार गया, मनगटपर्यंत?" पाड्यावरची एक म्हातारी मला स्वतःचं नावही सांगेना, आणि अक्काच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मी शेजारी टॅब धरून उभा.

आपल्याला शिकूनही जे येत नाही, ते दुसऱ्याला न शिकता येतं. असा हेवा तुम्हीही कधी केला असेल. मला तर तिच्या केसांतल्या अबोलीचाही राग यायचा.

एकदा तिने केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली यादी माझ्या हातात ठेवली. जनावरांचा चारा कापणाऱ्या कुट्टी मशीनवर हात गेलेल्या बायांची.

"या बठ्ठ्या एकाच जातना मशीनवर व्हत्यात, भाऊ. त्यानं तोंड आखूड शे. चारा ढकलाले गयं का हात पात्यापर्यंत जास. तुम्ही वर कळाडा."

त्याच बाया माझ्या टॅबमध्येही होत्या. प्रत्येकीपुढे 'निष्काळजीपणा'.

"तपासावं लागेल," मी म्हणालो. तपासण्यासारखं काहीच नव्हतं. आठ दिवस तो कागद माझ्या बॅगेत पडून राहिला. हे मला का सुचलं नाही, एवढंच डोक्यात.

नवव्या दिवशी एक नवी सून आली. उजव्या हाताची तीन बोटं गेलेली. मशीन तेच.

अक्काने मान वर न करता विचारलं, "कळाडं ना, भाऊ?"

"हो," मी म्हणालो.

त्या दुपारी खरंच कळवलं. खाली नाव माझं घातलं. पुढे चौकशी झाली, त्या मशीनना लांब तोंडं बसली, आणि धुळ्याच्या बैठकीत माझ्या खांद्यावर शाल पडली. अक्का मागच्या खुर्चीवरून टाळ्या वाजवत होती.

ती निवृत्त होऊन चाळीसगावला लेकीकडे गेली. त्यानंतर महिनाभराने ती सून दवाखान्यात आली, लेकराला डोस द्यायला. मला पाहून थांबली.

"अक्का सांगे, तुम्हीच वर कळाडं. म्हनीसन मशीनले लांब तोंड बसनं. आते कोनाच हात जात नही."

लेकराला कडेवर सावरून तिने मला हात जोडले. डाव्या पंजाला उजव्याचा अंगठा टेकला, आणि एक बोट.