बैलाची घाटी

मी तिसरीपर्यंत शिकले ती मालगुजाराच्या पोरीच्या पुण्याईनं, असं माय सांगायची. कसली पुण्याई डोंबलाची! एवढ्या घरची पोरगी बाजारगावच्या शाळेत एकटी कशी पाठवायची, म्हणून सोबतीला मी. ती रेंगीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, गादीवर बसे, मी मागं पाय लोंबकळवत. रेंगी हाकणारा माझाच बाप, मालगुजाराचा सालदार. सगळा रस्ता जंगलातला. पण बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजत, बाप हाकारे देई, त्यामुळे भीती कधी वाटली नाही.

मग नव्या कायद्यानं मालगुजारी गेली. इथं राहून पोरांच्या शिक्षणाचं काय, असं म्हणत मालकांनी बिऱ्हाड चांद्याला हलवलं. त्यांच्या पोरीला तिथली मोठी शाळा मिळाली. रेंगी-बैल विकले गेले, बापाचं काम सुटलं. माझ्या शाळेचा विचार करायला कोणाला सवड होती? एक जुनी घाटी तेवढी आमच्याकडे राहिली.

चौथीची परीक्षा द्यायचीच, म्हणून मी हटून बसले. बाप नाई नाई म्हणत होता. शेवटी मायनं ती घाटी दोरीत ओवून माझ्या गळ्यात घातली.

"वाजवत जाय. आवाज आयकून जनावर बाजूले होते."

काही दिवस बरे गेले. एका सकाळी नाल्याच्या उतारावर मागं पाला वाजला. मी थांबले, तोही थांबला. मी पळाले तशी घाटी खणखणली आणि पाला आणखी जवळ वाजला. तेव्हा कळलं. वाघ त्या दिवसांत शिवारातली ढोरं उचलत होता, आणि मी ढोराचा आवाज करत चालले होते. घाटी मुठीत आवळून मोहाच्या झाडाला चिकटून उभी राहिले. तो दिसला नाही. वास मात्र आला.

घरी पळत येऊन सांगितलं तसा बाप कुऱ्हाड घेऊन बघून आला. ओल्या मातीत माझ्या पावलांवर वाघाची पावलं होती.

"उद्यापासून शाळा बंद," तो मायला म्हणाला. "पोट्टी वाघाच्या तोंडात द्याची हाय का मले?"

मी रात्रभर रडले. तरी बापाचा आपल्यावर केवढा जीव आहे, असंही वाटत होतं.

थोड्याच दिवसांत त्यानं गावची ढोरं राखायचं काम धरलं आणि काठी माझ्या हातात दिली.

"तू सकाळी ढोरं घेऊन जाजो. मी धानाच्या कामावर जाईन. नाल्यापलीकडे चारा चांगला हाय."

"आन् वाघ?" मी विचारलं.

"पोट तं भराच लागते ना, बाई."

मला फार राग आला. बापानं खुंटीला टांगलेली माझी घाटी काढली, पुढच्या गायीच्या गळ्यात बांधली, आणि मी शाळेच्याच रस्त्यानं ढोरांमागे निघाले.