लाईट जायची वाट पाहणारा माणूस

दत्ता गेल्याची बातमी मला आणि ब्राझीलमधल्या एका माणसाला एकाच वेळी कळली. हे मला अजून पचलेलं नाही. त्याच्या मुलीनं, प्रज्ञानं, दवाखान्याच्या पायरीवर बसून दोन संदेश टाकले. एक मला, एक तो ज्यात होता त्या कॉम्प्युटर-बॅकअपवाल्यांच्या ग्रुपवर. मी भोसरीहून मोशीला पोचेपर्यंत तिकडे देशोदेशीची माणसं हळहळून मोकळी झाली होती. मी अजून गाडी लावायला जागा शोधत होतो. ज्याच्याबरोबर एका स्टोव्हवर पिठलं शिजवून दिवस काढले, त्याच्या मरणातही मला रांगेत मागे उभं राहावं लागलं.

आम्ही दोघं लातूरकडचे. भोसरीत भाड्याच्या खोलीत राहायचो, शिफ्ट वेगवेगळ्या असल्यामुळे एकाच अंथरुणावर पाळीपाळीनं झोपायचो. पुढे मी नोकरी सोडली, एक जुना लेथ घेतला आणि भांडून भांडून स्वतःचं मशीनशॉप उभं केलं. गिऱ्हाईक असो की भंगारवाला, पहिल्या भावाला मी आजवर हो म्हटलेलं नाही. दत्ता निघोज्याजवळ एका कंपनीत क्वालिटी खात्यात लागला आणि तिथंच राहिला. त्याला घासाघीस जमायचीच नाही. भाजीवाली सांगेल ते देऊन वर तिच्या पोराबाळांची चौकशी करून यायचा.

कॉम्प्युटरचा नाद त्याला लागला तो प्रज्ञाचे लहानपणीचे फोटो कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कबरोबर गेले तेव्हा. फायलींची दुसरी प्रत आपोआप ठेवणारं एक सॉफ्टवेअर त्याला सापडलं. ते कुठल्या कंपनीचं नाही. जगभरची माणसं आपापल्या फुरसतीत, पगाराविना ते बनवतात आणि कुणालाही फुकट वापरू देतात. दत्ताला प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता. मग याचं तिथं काय काम, असं मला वाटायचं. पण त्यानं स्वतःसाठी काम शोधून काढलं. नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा. इंग्रजीतल्या सूचना मराठीत आणायचा आणि मला वाचून दाखवून विचारायचा, हे वाचून तुला काय करावंसं वाटतं? मी म्हणायचो, कॉम्प्युटर फोडावासा वाटतो. तो निमूटपणे वाक्य बदलायचा.

त्याचं खरं काम मात्र गुरुवारचं. आमच्याकडे गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते आणि दुरुस्तीसाठी लाईटही बहुधा त्याच दिवशी घालवतात. दत्ता सकाळीच शॉपवर यायचा. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरचा यूपीएस त्यानं मुद्दाम काढून ठेवला होता. बॅकअप सुरू करायचा आणि लाईट जायची वाट पाहत बसायचा. प्रत निघता निघता वीज गेली तर आधीची प्रत शाबूत राहते का, लाईट आल्यावर सगळ्या फायली परत मिळतात का, हे तपासून ग्रुपवर कळवायचा. जी प्रत परत काढून पाहिली नाही ती प्रतच नव्हे, असं त्याचं म्हणणं. मी सांगितलं, मेन स्विच पाड की, वाट कसली बघतोस. तर म्हणे, आपण पाडलेली वेगळी. खरी लाईट आधी मंद होते, जाते, डोकावून जाते, पुन्हा जाते... ते सोंग आपल्याला आणता येत नाही. एखाद्या गुरुवारी लाईट गेलीच नाही तर तोंड पाडून बसायचा. लाईट न गेल्याचं दुःख होणारा अख्ख्या भोसरीत तो एकच.

मला या सगळ्याचा राग होता, आणि आहे. मी त्याला म्हटलं होतं, आपण दोघं मिळून हे इथल्या शॉपवाल्यांना लावून देऊ. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर पार्टांची ड्रॉइंग आहेत, उडाली की डोक्याला हात लावून बसतात. वर्षावर करार करू, तू कंपनी सोड.

"तू कर की," तो म्हणाला. "कुणाची बंदी न्हाई. त्यात काही सुधारणा केलीस तर तेवढी सगळ्यांसाठी परत टाक."

"आणि तू?"

"मला माझा गुरुवार हाय ना."

मी हातातला पाना टेबलावर आपटला. म्हटलं, "त्या ब्राझीलवाल्यासाठी तुला वेळ आहे, माझ्यासाठी नाही. माझ्याकडे येतोस ते इथं लाईट जाते म्हणून."

तो हसला. "कशाला भांडायलास राव. चहा सांग."

उत्तर दिलंच नाही. सौद्यात समोरचा गप्प बसला की आपला अंदाज बरोबर, असं मी धरून चालतो. तेव्हाही तसंच धरलं.

तो गेल्यावर काही दिवसांनी त्या ग्रुपनं कॉम्प्युटरवरच शोकसभा घेतली. प्रज्ञानं मोशीच्या घरी लॅपटॉप लावला आणि ती एकेकाचं बोलणं मराठीत सांगत होती. पोलंडची एक बाई म्हणाली, मी पहिल्या दिवशी फार खुळा प्रश्न विचारला होता, त्यांनी मला तसं वाटू दिलं नाही. ब्राझीलचा तो माणूस म्हणाला, आमच्या दत्ताचा गुरुवार झाल्याशिवाय आम्ही नवी आवृत्ती बाहेर काढत नसू. आमच्या दत्ताचा! खोलीवर तो तापानं फणफणला होता तेव्हा कपाळावर पट्ट्या मी ठेवल्या. हे तेव्हा कुठे होते?

सभा संपल्यावर मला राहवलं नाही. सुनंदावहिनी, म्हणजे दत्ताची बायको, चहाचे कप गोळा करत होत्या. मी म्हटलं, वहिनी, त्यानं जीव लावला तो या लोकांना. माझ्याकडे यायचा तो नुसता लाईटसाठी.

वहिनींनी कप परत खाली ठेवले.

"भाऊजी, मोशीत लाईट जात नाही होय? तुमच्यापेक्षा जास्त जाते. घरी कॉम्प्युटर होता, चहा होता, मी होते. आठवड्यातनं एक सुट्टी, ती तुमच्याकडं. मी भांडले की म्हणायचे, माधवच्या शॉपवर बरं पडतं." कप उचलून आत जाता जाता म्हणाल्या, "तुम्ही त्या परदेशातल्यांवर जळता. मी इतकी वर्षं तुमच्यावर जळले."

मी गाडी काढली, पण चालवेना. इंद्रायणीच्या पुलाशी थांबलो. त्याला हे तोंडानं सांगायला काय झालं होतं, असा नवाच राग आला... तो काही अजून गेलेला नाही.

मध्यंतरी ग्रुपवर नाशिकच्या एका गृहस्थांनी विचारलं, दत्ताभाऊंची गुरुवारची चाचणी मी पुढे चालवू का? चांगलाच माणूस असेल. मी प्रज्ञाला लिहायला लावलं, बाकीचे सगळे वार घ्या, गुरुवार मिळणार नाही. पुन्हा विचारलं तरी हेच उत्तर. मग तिच्याकडून बटणं शिकून घेतली.

आता गुरुवारी शॉप बंद ठेवून मी कोपऱ्यातल्या त्या कॉम्प्युटरपुढे बसतो. बॅकअप सुरू करतो. गेल्या गुरुवारी संध्याकाळ झाली तरी लाईट काही गेली नाही. मेन स्विच हाताशीच होता. पाडला नाही.