अर्ध्या भिंतीचा रंग

नवऱ्याच्या कंपनीतला माणूस दारात आला तेव्हा माझ्या हाताला रंग होता. तो म्हणाला, "वहिनी, चला. प्रेसमध्ये हात सापडलाय." जिवंत आहेत का, एवढंच मी विचारलं. आहेत म्हणाला. हात न धुताच मी निघाले.

भोसरीतल्या आमच्या घराला त्या साली सिमेंटचा गिलावा झाला होता. छातीएवढ्या उंचीपर्यंत ऑइल पेंट आणि वर चुना, असं ठरलं होतं. चुलीचा धूर दिसू नये म्हणून रंग गडदच हवा होता. दुकानातून दोन लहान डबे आणले. दोन्ही काळपट, राखाडीकडे झुकलेले हिरवे. एक जरा शेवाळी होता. दुसरा हुबेहूब कंपनीतल्या, पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचा. दोन्हींचा एकेक पट्टा मी भिंतीवर ओढून बघत होते, तेवढ्यात तो माणूस आला.

डाव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर हे त्या भिंतीसमोरच खाटेवर पडून असायचे. मशीनच्या रंगाच्या पट्ट्याकडे नजर गेली की हात गोधडीत घ्यायचे. मला ते दिसायचं. साहेबाने नोकरी राखली होती, पण ती प्रेसवरचीच. तिथं पुन्हा उभं राहता आलं नाही तर घर कशावर चालणार, हा खरा घोर होता.

बरोबरचा एक कामगार भेटायला आला. भिंतीवरचा तो पट्टा बघून म्हणाला, "काय राव, घरी पण शिफ्ट लावली का?" हे हसले. मी चहा टाकला.

तो गेल्यावर सासू म्हणाली, "त्यो शेवाळी लाव. मशीनचं त्वांड घरात नगं."

"दोन्हींत फरक काय हाय? धूर बसला की सारखेच दिसतील."

"तुला न्हाई दिसत. त्याला दिसतंय."

हे ऐकत होते. म्हणाले, "मशीनचाच लाव."

"अहो, घास उतरायचा न्हाई रोज बघून."

"न्हाई तर न्हाई. हितं बघायला जमंना, तर तिथं काय जमणार हाय?"

दुसऱ्या दिवशी मी मशीनचा रंग लावला. वास जाईपर्यंत सासू रुसून बाहेर ओट्यावर बसून राहिली. हे भिंतीकडे पाठ करून जेवायचे. एके दिवशी ताट उचलून दुसऱ्या बाजूला बसले, तोंड भिंतीकडे करून. सावकाश जेवले. मी भाकरी वाढत राहिले. हात धुताना म्हणाले, "सोमवारी डबा भर. पहिली शिफ्ट हाय."

त्याच प्रेसवर ते नोकरी संपेपर्यंत उभे राहिले. सासू त्याच वर्षी थंडीत गेली, म्हातारपणाने. हे पुढे खूप वर्षं जगले आणि घरीच अंथरुणात वारले. मी अजून आहे.